फीच्या पावतीवर न येणारे खर्च: मेडिकलला नव्याने आलेल्यांसाठी

मेडिकलला प्रवेश मिळाला की घरातल्या सगळ्यांना फीचा आकडा तोंडपाठ होतो. साहजिक आहे. रक्कम मोठी असते, ठरावीक तारखेला भरायची असते आणि कागदावर छापलेली असते. मी अभ्यासक्रम संपवून आता रेसिडेंट (पदवीनंतर हॉस्पिटलात प्रशिक्षण घेणारी डॉक्टर) म्हणून काम करतेय, आणि नव्या मुलामुलींशी बोलताना दरवेळी एकच सांगते: फी हा त्यातल्या त्यात सोपा खर्च. सोपा म्हणजे लहान नव्हे; तो आधीपासून माहीत असतो, एवढंच. घर कोलमडतं ते बाकीच्या खर्चांनी. ते थोडे थोडे येतात, कुणी आधी सांगत नाही, आणि त्यातले निम्मे तरी आपण घाबरून केलेले असतात.

फी शून्य झाली तरी हे खर्च सुटत नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने 2018 साली सगळ्या विद्यार्थ्यांची शिकवणी फी माफ केली. त्याच शहरातल्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनला 2024 मध्ये रूथ गॉट्समन या निवृत्त प्राध्यापिकेने 1 अब्ज डॉलरची देणगी दिली आणि तिथलीही फी संपली. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसतेच. पण या सगळ्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला घरभाडं, जेवण, विमा, प्रवास, कपडे हे आहेच. शिवाय हा अभ्यासक्रम लांबलचक. कुठे शाळा संपल्यावर थेट पाच-सहा वर्षं, तर अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षं मेडिकल. साडेपाच वर्षं धरली तर 66 महिने होतात. म्हणजे महिन्याला 100 जास्त वाटणारा खर्च शेवटी 6,600 होतो. म्हणून वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या खर्चापेक्षा दर महिन्याला येणाऱ्या लहान खर्चाकडे आधी बघा.

मी स्वतःपुरता एक प्रश्न ठरवून घेतला होता आणि तो आजही वापरते. समोरची गोष्ट विकत घेतल्याने माझा वेळ किंवा माझी झोप वाचणार आहे, की नुसती भीती कमी होणार आहे? पहिल्या प्रकारात हात आखडता घेऊ नये. दुसऱ्या प्रकारात मात्र दोन आठवडे थांबावं. तेवढ्यात बहुतेक वेळा गरजच निघून जाते.

पहिले दोन महिने आणि खरेदीचा ताप

भीतीचा सगळ्यात मोठा बाजार पहिल्या दोन महिन्यांत भरतो. वर्गात शेजारी बसलेल्याच्या हातात अ‍ॅनाटॉमीचा (शरीररचनेचा) तीन खंडांचा संच दिसतो, पलीकडच्या मुलीने फिजिओलॉजीची (शरीराच्या कार्याची) दोन वेगवेगळी पुस्तकं घेतलेली असतात, कुणाच्या टॅबवर लेक्चर्सची वर्गणी चालू असते. आपण मागे पडलो या धास्तीने माणूस दुकान गाठतो. तुम्ही नका गाठू. पहिले काही आठवडे ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचून पाहा. कुणाची भाषा तुम्हाला कळते, कुणाच्या आकृत्या तुमच्या डोक्यात बसतात, हे वाचल्याशिवाय समजत नाही, आणि सिनियरचं आवडतं पुस्तक तुमचं आवडतं असेलच असं नाही. मग एका विषयाला एक पुस्तक घ्या आणि ते पुन्हा पुन्हा वाचा. दुसरं लागलं तर संदर्भाला ग्रंथालय आहेच.

जुनी आवृत्ती चालेल का, हे सगळे विचारतात. विषय बघून ठरवायचं. अ‍ॅनाटॉमीत दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती बिनदिक्कत घ्या. ब्रेकियल प्लेक्ससच्या (हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या) फांद्या तेव्हाही तशाच होत्या. फिजिओलॉजीतही फारसं बिघडत नाही. फार्माकोलॉजी (औषधशास्त्र), मायक्रोबायोलॉजी (सूक्ष्मजीवशास्त्र) आणि पुढचे क्लिनिकल (रुग्णांशी संबंधित) विषय यांत मात्र नवीच आवृत्ती हवी, कारण औषधं बदलतात, डोस बदलतात, कालची पहिली पसंती आज तिसऱ्या ओळीत जाते. तिथे वाचवलेले पैसे परीक्षेत आणि नंतर रुग्णाजवळही महागात पडतात.

ऑनलाइन कोर्सबद्दल माझं मत जरा कडक आहे. पहिल्या वर्षात संपूर्ण अभ्यासक्रमाची एकगठ्ठा वर्गणी घेऊ नका. आजच संपणारी सवलत पुढच्या महिन्यात पुन्हा येते. ज्या विषयात खरोखर अडलात त्या विषयापुरतं, त्या काळापुरतं घ्या. दोन-दोन, तीन-तीन वर्गण्या चालू ठेवून एकही पूर्ण न बघितलेले लोक मी भरपूर पाहिलेत. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणंच फसवं असतं. त्याकडे पुढे येते.

हाडांचा संच हा आणखी एक विषय. माणसाच्या अंगात 206 हाडं, आणि प्रत्येकावरचे उंचवटे, खाचा, स्नायू कुठून निघतो नि कुठे चिकटतो हे हातात धरूनच कळतं. एके काळी जगभरच्या मेडिकल कॉलेजांना खरे सांगाडे मुख्यतः भारतातून जात. 1985 साली भारताने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यानंतर बाहेर खरी हाडं दुर्मिळ आणि महाग झाली आणि प्लास्टिकची चलती झाली. खऱ्या हाडावर बारीक रेषा, छिद्रं जास्त स्पष्ट दिसतात हे खरं. पण खरा संच हवाच असेल तर तो कॉलेजच्या विभागातून अभ्यासाला मिळतो का ते आधी पाहा. तिथला संच कायदेशीर वाटेने आलेला असतो. बाहेरून आलेल्या हाडांचा इतिहास कुणालाच ठाऊक नसतो. घरी उजळणीला चांगला प्लास्टिक संच तिघाचौघांत मिळून पुरतो, आणि वर्ष संपलं की तो ज्युनियरला देता येतो.

स्टेथोस्कोप. 1816 साली पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तिथून हे उपकरण सुरू झालं. आज सर्वांत महागडे स्टेथोस्कोप साध्याच्या कित्येक पट किमतीला मिळतात, आणि प्रवेशाच्या आनंदात नातेवाईक तेच भेट द्यायला बघतात. पहिली दोन-तीन वर्षं त्याचा उपयोग शून्याच्या जवळ. मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू येत नाही ते बहुधा कान तयार नसल्यामुळे. उपकरणाचा त्यात फारसा दोष नसतो. घेताना एवढं बघा: कानातली टोकं घट्ट बसतात का, आणि डायफ्रॅम (सपाट पडद्याची बाजू) व बेल (वाटीसारखी बाजू) दोन्ही कामं नीट होतात का. उंच पट्टीचे आवाज डायफ्रॅमने ऐकायचे, मायट्रल स्टेनोसिससारख्या (हृदयाची झडप अरुंद होणं) विकारातला खालच्या पट्टीचा गडगडाट बेलने, तोही हलक्या हाताने टेकवून. कानातली टोकं पुढच्या दिशेला, म्हणजे नाकाकडे, वळलेली ठेवायची. उलटा स्टेथोस्कोप लावून काहीच ऐकू येत नाही म्हणणारे दरवर्षी भेटतात. नळीवर नाव कोरून किंवा पट्टी लावून घ्या. वॉर्डात स्टेथोस्कोपला पाय फुटतात.

लॅपटॉप किंवा टॅब एकच पुरे, जुना असला तरी चालेल. नोट्सची दुसरी प्रत कुठेतरी ठेवा म्हणजे झालं.

भाडं वाचवताना वेळ किती जातो

राहण्याच्या जागेवर मात्र थोडे जास्त पैसे घाला, असं मी आग्रहाने सांगेन. हॉस्पिटलला चालत जाता येईल अशी जागा मिळत असेल तर इतर बऱ्याच गोष्टींवर पाणी सोडायला हरकत नाही. हिशोब अगदी साधा आहे. एका बाजूला 45 मिनिटं लागत असतील तर रोजचा दीड तास जातो. वर्षातले 250 दिवस जाणं-येणं धरलं तर 375 तास. एवढ्या वेळात एखादा आख्खा विषय दोनदा वाचून होतो, किंवा रोज तेवढी झोप मिळते, आणि माझ्या मते झोपच जास्त मोलाची. पहिल्या वर्षी हे जाणवत नाही, कारण लेक्चर आणि प्रॅक्टिकलच्या वेळा ठरलेल्या असतात. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली नेमणूक, सुरू झाली की सकाळी राउंडच्या (वरिष्ठांच्या फेरीच्या) आधी पोहोचून आपल्या रुग्णाला बघून घ्यावं लागतं, संध्याकाळी केस पाहायला परत यावं लागतं, आणि मध्ये मोकळा तास मिळाला तर खोलीवर जाऊन पाठ टेकता येते, ती फक्त जवळ राहणाऱ्यांनाच.

एक खबरदारी घ्या. बऱ्याच कॉलेजांत वरच्या वर्षांत दूरच्या हॉस्पिटलला किंवा आरोग्य केंद्रात पोस्टिंग असतं. त्यामुळे पहिल्याच वर्षी लांब मुदतीचा भाडेकरार करू नका. पुढची दोन वर्षं वर्ग कुठे भरतात ते सिनियरना विचारा. खोलीतला सोबती निवडताना तो किती हुशार आहे यापेक्षा तो कधी झोपतो हे विचारलेलं बरं.

जेवणाचं काय? नियमित खा, इतकंच. विशेषतः ऑपरेशन थिएटरमध्ये पहिल्यांदा जाताना उपाशीपोटी जाऊ नका. उकाडा, मास्क, तासन्‌तास एका जागी उभं राहणं आणि समोर रक्त यांनी धडधाकट मुलंही खाली बसतात. घाम फुटला, कानात सूं-सूं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता टेबलापासून मागे सरकून जमिनीवर बसायचं. निर्जंतुक टेबलावर कोसळण्यापेक्षा सर्जनला ते केव्हाही चालतं. आणि बुटांवर पैसे वाचवू नका. पुढून बंद, पुसता येणारे, न घसरणारे बूट घ्या. दिवसाचे इतके तास पायांवर काढावे लागतील याची कल्पना पहिल्या वर्षी कुणालाच नसते.

अभ्यास: इथे पैसा लागतच नाही

मेडिकलचा अभ्यास अवघड असतो म्हणतात, पण सुटी सुटी कल्पना घेतली तर बहुतेक काही अवघड नसतं. अवघड असतो तो ढिगारा. आज शिकलेलं पुढच्या महिन्यात गळून गेलेलं असतं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली अर्थहीन अक्षरं स्वतः पाठ करून, किती काळाने किती विसरलं जातं ते मोजलं होतं. सुरुवातीला विसरणं फार वेगाने होतं आणि नंतर तो वेग मंदावतो, हे त्याने दाखवलं. त्यावरचा उपाय म्हणजे विसरायच्या बेताला आल्यावर पुन्हा आठवून बघणं, आणि दर खेपेला मधलं अंतर वाढवत नेणं.

इथे आठवून बघणं हे वाचण्यापेक्षा वेगळं आहे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्या गटाला न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं, आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. गंमत म्हणजे वाचणाऱ्यांना आपल्याला चांगलं लक्षात राहील असा भरवसा जास्त होता. व्हिडिओचं समाधान फसवं म्हणाले ते यासाठीच.

व्यवहारात मी हे असं करायचे: लेक्चर झाल्यावर त्याच संध्याकाळी कोऱ्या कागदावर न बघता काय आठवतं ते लिहायचं, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनने भरायचं. तो कागद ठेवून द्यायचा, काही दिवसांनी पुन्हा कोरा कागद. आंकी नावाची संगणकप्रणाली हेच प्रश्नोत्तरांच्या कार्डांच्या रूपात करते. 2006 पासून ती आहे, संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट मिळते, आयफोनवर मात्र विकत घ्यावी लागते. इतरांनी बनवलेले हजारो प्रश्नांचे संच आयते मिळतात. ते सगळे एकदम सुरू केले तर रोजच्या उजळणीचं ओझंच अंगावर येतं. रोज झेपतील तेवढेच नवे प्रश्न घ्या आणि शक्यतो स्वतः बनवा, कारण चांगला प्रश्न बनवतानाच अर्धं शिकून होतं.

व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, तोंडाने बोलायचा सराव वेगळा करावा लागतो. डोक्यात असलेलं ओठांवर येत नाही, आणि परीक्षकाला डोक्यातलं दिसत नाही. दोघांनी समोरासमोर बसून आलटून पालटून परीक्षक व्हायचं. याला पैसा लागत नाही, फक्त मित्र थोडा निर्दय हवा.

डिसेक्शन हॉल ते वॉर्ड

डिसेक्शनसाठी, म्हणजे मृतदेहाच्या विच्छेदनासाठी, जुने कपडे वेगळे काढून ठेवा. मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा वास कपड्यांत, केसांत मुरतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्यातलं फॉर्मल्डिहाइड मानवाला कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे पंखे-खिडक्या उघड्या आहेत ना हे बघणं म्हणजे काही नखरा नव्हे. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे वापरा, पातळ लेटेक्समधून ते द्रव्य लवकर आत झिरपतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या तासांना चष्मा घालावा. आणि टेबलावरचं शरीर कुणीतरी मरणापूर्वी विचार करून दिलेलं असू शकतं, तेव्हा तिथे फोन खिशातच राहू द्या.

एप्रन किमान तीन ठेवा. एक अंगावर, एक धुण्यात, एक इस्त्री केलेला. वॉर्डातला एप्रन घालून जेवायला जाणारे पाहिले की मला अजून राग येतो. 1847 साली व्हिएन्नाच्या हॉस्पिटलमध्ये सेमेलवाइस या डॉक्टरने जे शोधलं त्यात विद्यार्थ्यांचाच वाटा होता. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणारे डॉक्टर आणि विद्यार्थी हातांवरून बाळंतिणींना मृत्यू नेऊन देत होते, तर सुइणींच्या कक्षात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर प्रमाण झपाट्याने उतरलं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने तर 2007 मध्ये रुग्ण तपासताना कोपराखाली बाही किंवा घड्याळ नको असा नियम जाहीर केला. तुमच्याकडे नियम काहीही असो, बाह्या दुमडायला पैसे पडत नाहीत.

लसीकरणाचा खर्च मात्र टाळू नका आणि पुढेही ढकलू नका. हिपॅटायटिस बी च्या तीन मात्रा 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, म्हणजे क्लिनिकल पोस्टिंग लागायच्या सहा महिने आधी सुरुवात हवी. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी करून घ्या. काहींच्या शरीरात लस घेऊनही पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, आणि ते आधी कळलेलं बरं. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी बाधित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे 0.3 टक्के. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका. लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीप्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, आणि 72 तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत. कोर्स 28 दिवसांचा असतो. ओरडा बसेल म्हणून लपवणारे असतात. ओरडा दहा मिनिटांत संपतो. आणि या औषधांचा व तपासण्यांचा खर्च कॉलेज करतं की विद्यार्थी, हे टोचायच्या आधी विचारून ठेवा.

वॉर्डातली सर्वांत किमती गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे रुग्णाशी बोलणं. 1975 साली हॅम्पटन आणि सहकारी डॉक्टरांनी 80 नव्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या 66 जणांचं अंतिम निदान आधीच्या डॉक्टरचं पत्र आणि हिस्ट्री (रुग्णाने सांगितलेली हकीकत) एवढ्यावरच बरोबर ठरलेलं होतं. तपासणी आणि चाचण्यांनी उरलेल्या थोड्यांचं बदललं. तेव्हा दुपारी बाकीचे कॅन्टीनला गेलेले असताना एखाद्या खाटेजवळ स्टूल ओढून बसा. रुग्णाला नमस्कार करून आपण विद्यार्थी आहोत हे स्पष्ट सांगा, बोलायची इच्छा नसेल तर निमूट उठा. दुखणं कधी सुरू झालं एवढंच विचारून न थांबता, त्याआधी ते काय काम करत होते, घरी कोण आहे, औषध मध्येच का सोडलं, हेही विचारा. औषध सोडण्याची कारणं पुस्तकात सापडत नाहीत. वॉर्डातल्या सिस्टरांशी नीट वागलात तर कुठल्या रुग्णात पाहण्याजोगी चिन्हं आहेत, कोण बोलका आहे, हे त्याच सांगतात.

पैशांत न मोजता येणारा भाग

विशीच्या मध्यावर शाळेतले मित्र कमवायला लागतात. त्यांची पहिली गाडी, पहिली सहल, कुणाचं लग्न, आणि तुम्ही अजून परीक्षेचा फॉर्म भरताय. हा खर्च कुठल्याच हिशोबात धरलेला नसतो, पण मनावर तो सर्वांत जास्त बसतो. मित्रांच्या प्रत्येक बेताला हो म्हणायची गरज नाही आणि प्रत्येकाला नाही म्हणायचीही नाही. वर्षातले दोन-तीन प्रसंग आधी ठरवा, त्यांसाठी पैसे आणि सुटी राखून ठेवा, बाकीच्यांना मोकळेपणाने जमणार नाही म्हणा. लोक समजून घेतात. जे घेत नाहीत त्यांची काळजी करायला तेव्हा वेळही नसतो.

आजार शिकताना तो आपल्यालाच झालाय असं वाटणं हे या शिक्षणातलं जुनं दुखणं. लिंफोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) वाचताना मानेत गाठ सापडते, न्यूरॉलॉजीत पापणी फडफडते. अशा वेळी स्वतःच चाचण्या लिहून पैसे घालवू नका. कॉलेजच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते म्हणतील ते ऐका. खरं दुखणं मात्र वेगळं आहे. 2016 साली 43 देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मेडिकलच्या 27.2 टक्के विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली, आणि अशांपैकी जेमतेम 15.7 टक्क्यांनी उपचार घेतले होते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, कशातच रस वाटेनासा झाला, जगू नये असं वाटू लागलं, तर ते अभ्यासाच्या ताणावर ढकलू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, आणि समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. नापास झाल्यावर वर्ष पुन्हा काढता येतं. तो खर्च झेपण्यासारखा आहे.

कर्ज घेतलं असेल तर करारात एक ओळ शोधा: व्याज कधीपासून लागतं? अभ्यासक्रम संपल्यावर की पैसे उचलल्या दिवसापासून? दुसरं असेल तर पहिल्या वर्षी उचललेले पैसे सर्वांत महाग असतात. 10 टक्के चक्रवाढीने पहिल्या दिवशी घेतलेले 100 पाच वर्षांत 161 होतात, तर शेवटच्या वर्षी घेतलेले 100 वर्षभरात फक्त 110. म्हणून घरची बचत आणि कर्ज दोन्ही हाताशी असतील तर अडीअडचणीपुरते पैसे बाजूला ठेवून सुरुवातीची वर्षं बचतीवर काढा, कर्ज नंतर उचला. शिकत असताना निदान व्याज भरता आलं तर फारच उत्तम. शिकवण्या वगैरे घेऊन कमवायचं असेल तर पहिल्या दोन वर्षांत थोडंफार जमतं, पण आठवड्याचे तास आधी ठरवून. क्लिनिकल वर्षांत ते बहुतेकांना सोडावं लागतं, त्यामुळे त्या कमाईवर भाडं अवलंबून ठेवू नका.

शेवटच्या वर्षासाठी वेगळी रक्कम साठवा. परवाना परीक्षेची आणि पुढच्या प्रवेशपरीक्षांची फी, नोंदणी, कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती, मुलाखतींचा प्रवास हे सगळं एकाच हंगामात येतं, आणि नेमकं तेव्हा कमवायला वेळ नसतो. त्याच साठ्यात आणखी एक छोटी रक्कम राखून ठेवा: रात्रपाळीनंतर घरी जायच्या भाड्याची. सलग 17 तास जागलेल्या माणसाची हालचाल रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी मंदावते, हे डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये मोजून दाखवलं. 2005 च्या एका अमेरिकन अभ्यासात लांब पाळीनंतर घरी जाताना इंटर्नच्या गाडीला अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. तुम्ही तेव्हा आपण चांगले जागे आहोत असंच म्हणणार, सगळे म्हणतात. तरी किल्ली खिशात ठेवा आणि भाड्याच्या गाडीने जा. आपली गाडी दुपारी झोप झाल्यावर आणता येते.